श्रोडिंगरच्या मांजराचं पुढे काय झालं? सुपरपोझिशन आणि डीकोहेरन्स सोप्या भाषेत

सोशल मीडियावर 'क्वांटम' हा शब्द सध्या कुठेही भेटतो. एका रीलमध्ये सांगतात की तुम्ही बघता तेव्हाच वस्तू अस्तित्वात येते, बघत नसाल तर ती नसतेच. दुसऱ्या रीलमध्ये सांगतात की सगळ्या शक्यता एकाच वेळी खऱ्या असतात, तुम्ही फक्त मनाने हवी ती निवडायची. पाठोपाठ कोर्सची लिंक येते. पुरावा म्हणून दोन गोष्टी हमखास दाखवल्या जातात: श्रोडिंगरचं मांजर आणि दोन फटींचा प्रयोग.

गंमत म्हणजे या दोन्ही गोष्टी भौतिकशास्त्रातल्याच आहेत. गडबड होते ती त्यातून काढलेल्या निष्कर्षात. कारण या गोष्टींचा पुढचा अर्धा भाग रीलमध्ये येतच नाही. त्या अर्ध्या भागाचं नाव आहे डीकोहेरन्स. गेल्या पन्नास वर्षांत उभी राहिलेली ही कल्पना प्रयोगशाळेत मोजून बघितलेली आहे. 'बघणारा' कोण, मांजर आपल्याला अर्धं मेलेलं का दिसत नाही आणि क्वांटम कॉम्प्युटर बनवणं इतकं अवघड का आहे, या तिन्ही प्रश्नांना ती हात घालते. आणि एक प्रश्न मात्र ती सोडवत नाही. तोही समजून घेण्यासारखा आहे.

मांजर मुळात कशासाठी आणलं होतं?

१९३५ साली ऑस्ट्रियाचे भौतिकशास्त्रज्ञ अर्विन श्रोडिंगर यांनी एक लेख लिहिला. त्यात एक काल्पनिक प्रयोग होता. बंद पेटीत एक मांजर आहे. सोबत किरणोत्सारी पदार्थाचा इतका लहान कण आहे की तासाभरात त्यातला एक अणू फुटण्याची शक्यता निम्मी आणि न फुटण्याची निम्मी. अणू फुटला तर एक यंत्र हातोडी सोडेल, विषाची कुपी फुटेल आणि मांजर मरेल. नाही फुटला तर मांजर जिवंत राहील.

क्वांटम सिद्धांताच्या नियमाप्रमाणे तासाभराने अणूची अवस्था 'फुटलेला' आणि 'न फुटलेला' या दोन्हींची मिळून बनलेली असते. हाच नियम पुढे यंत्राला, हातोडीला, कुपीला लावत गेलं तर मांजरही 'मेलेलं' आणि 'जिवंत' यांच्या मिश्र अवस्थेत जाऊन पोहोचतं.

श्रोडिंगर यांना मांजर खरोखर तसं असतं असं म्हणायचं नव्हतं. उलट, नियम असाच ताणत नेला तर तो किती हास्यास्पद ठिकाणी पोहोचतो हे त्यांना दाखवायचं होतं. त्यांचा सवाल साधा होता: अणूला लागू पडणारा नियम मांजरापर्यंत येता येता कुठे गळून पडतो? रेषा नेमकी कुठे आहे?

सुपरपोझिशन म्हणजे 'आपल्याला माहीत नाही' असं नाही

सुपरपोझिशन समजावताना बहुतेक वेळा नाण्याचं उदाहरण देतात. नाणं उडवलं, हाताखाली झाकलं, आता ते छापा आहे की काटा हे माहीत नाही. हे उदाहरण सोपं आहे, पण चुकीचं आहे. झाकलेलं नाणं छापा 'किंवा' काटा असतंच, फक्त आपल्याला ठाऊक नसतं. सुपरपोझिशनमध्ये 'किंवा' नसतो.

फरक पाहण्यासाठी प्रकाशाचं उदाहरण घेऊ. पोलराइझ्ड गॉगल घालून मोबाइल तिरका केला की अनेक फोनचा स्क्रीन एका कोनात काळा पडतो, हे कदाचित तुम्ही पाहिलं असेल. प्रकाशाच्या कंपनाला दिशा असते आणि गॉगलची काच एका ठरावीक दिशेचाच प्रकाश आत सोडते. यालाच ध्रुवीकरण म्हणतात.

आता समजा, दोन पेट्या आहेत. दोन्हींतून प्रकाशाचे कण, म्हणजे फोटॉन, एकेक करून बाहेर येतात. पहिल्या पेटीतले निम्मे फोटॉन उभ्या दिशेचे आणि निम्मे आडव्या दिशेचे आहेत, सरमिसळ करून ठेवलेले. ही 'किंवा'ची पेटी. दुसऱ्या पेटीतला प्रत्येक फोटॉन उजवीकडे ४५ अंशात झुकलेला, तिरका आहे. क्वांटमच्या गणितात तिरका फोटॉन म्हणजे उभा 'आणि' आडवा यांची समसमान सुपरपोझिशन. ही 'आणि'ची पेटी.

दोन्ही पेट्यांपुढे उभा फिल्टर धरला तर दोन्हींतून निम्मे फोटॉन पार होतात. काहीच फरक दिसत नाही. मग 'आणि'च्या पेटीतला फोटॉनही आतून गुपचूप उभा किंवा आडवाच असेल, असं वाटू शकतं. पण आता फिल्टर फिरवून तिरका करा. 'किंवा'च्या पेटीतून पुन्हा निम्मेच फोटॉन पार होतील. 'आणि'च्या पेटीतून मात्र सगळेच्या सगळे पार होतील. फोटॉन आतून उभा किंवा आडवा ठरलेला असता तर असं होऊच शकलं नसतं.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, सुपरपोझिशन म्हणजे अज्ञान नव्हे. 'आणि' व 'किंवा' यांतला फरक फिल्टर फिरवून मोजता येतो. दोन, 'एकाच वेळी दोन्ही' हे वर्णनही ढिसाळच आहे. तो फोटॉन उभा-आडवा या प्रश्नाला ठाम उत्तर देत नाही, पण 'तिरका आहेस का?' या प्रश्नाला शंभर टक्के ठाम उत्तर देतो.

आणखी एक बारकावा आहे, आणि पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. डावीकडे ४५ अंशात झुकलेल्या फोटॉनमध्येही उभा आणि आडवा वाटा समसमानच असतो. तरी उजव्या तिरक्या फिल्टरमधून तो एकदाही पार होत नाही. मग दोघांत फरक कशाचा? दोन वाट्यांमधल्या मेळाचा. एकात उभ्या आणि आडव्या वाट्याच्या लहरी एका तालात आहेत, दुसऱ्यात बरोबर उलट तालात. या मेळालाच कोहेरन्स म्हणतात. हा मेळ विस्कटला की होतं ते डीकोहेरन्स.

दोन फटींच्या प्रयोगात काय दिसतं?

हाच मेळ इलेक्ट्रॉनमध्ये डोळ्यांना दिसेल असा दाखवता येतो. १९८९ मध्ये जपानच्या हिताची कंपनीत अकिरा टोनोमुरा आणि सहकाऱ्यांनी इलेक्ट्रॉन एकेक करून सोडले. दोन फटींसारखीच रचना होती, म्हणजे पडद्यावर पोहोचायला दोन वाटा. प्रत्येक इलेक्ट्रॉनने पडद्यावर एकच ठिपका उमटवला. सुरुवातीला ठिपके कुठेही पडल्यासारखे वाटत होते. हजारो इलेक्ट्रॉन जमा झाल्यावर मात्र त्या ठिपक्यांतून काळे-उजळ पट्टे स्पष्ट दिसू लागले.

पाण्यात दोन खडे टाकले की दोन्ही लहरी काही ठिकाणी एकमेकींना वाढवतात, काही ठिकाणी मारतात. पट्टे तसेच तयार होतात. शालेय पुस्तकात याला व्यतिकरण म्हणतात. फरक इतकाच की इथे एका वेळी एकच इलेक्ट्रॉन वाटेवर होता. म्हणजे 'ही वाट' आणि 'ती वाट' या एकाच इलेक्ट्रॉनच्या दोन वाट्यांमध्ये मेळ होता.

आणि मग रीलमधला लाडका भाग येतो: इलेक्ट्रॉन कुठल्या वाटेने गेला हे कळण्याची सोय केली की पट्टे नाहीसे होतात. 'बघितलं की कण वागणूक बदलतो', असं याचं वर्णन केलं जातं. इथेच 'बघणं' या शब्दाने घोटाळा केला आहे.

गुपित षट्कर्णी होतं तेव्हा

दोघांतली गोष्ट तिसऱ्याच्या कानावर गेली की मराठीत 'गुपित षट्कर्णी झालं' म्हणतात. डीकोहेरन्स म्हणजे बरंचसं तेच.

पुन्हा 'आणि'च्या पेटीतला तिरका फोटॉन घेऊ. समजा वाटेत कुठल्याशा वस्तूवर त्याची खूण उमटली. उभ्या वाट्याने एक खूण केली, आडव्या वाट्याने वेगळी. ही खूण कुणी वाचली नाही, तिथे माणूस नाही, कॅमेरा नाही. तरी हाच फोटॉन पुढे तिरक्या फिल्टरवर गेला तर आता तो निम्म्याच वेळा पार होतो. 'आणि'च्या पेटीतला फोटॉन 'किंवा'च्या पेटीतल्यासारखा वागू लागतो.

मेळ गेला कुठे? तो नष्ट झाला नाही, पसरला. आता एकट्या फोटॉनची सुपरपोझिशन उरलेली नाही. 'उभा फोटॉन व पहिली खूण' आणि 'आडवा फोटॉन व दुसरी खूण' अशी दोघांची मिळून एक सुपरपोझिशन तयार झाली आहे. याला एंटँगलमेंट, म्हणजे गुंतागुंत म्हणतात. दोघांना एकत्र तपासलं तर 'आणि' अजूनही सापडतो. एकट्या फोटॉनकडे पाहिलं तर मात्र फक्त 'किंवा' दिसतो.

खूण एकाच कणावर असेल तर ती काळजीपूर्वक पुसून मेळ परत आणता येतो. तसे प्रयोगही झाले आहेत. पण खूण हवेच्या अब्जावधी रेणूंवर आणि भिंतींवरून परतून दूर निघून गेलेल्या प्रकाशावर उमटली असेल तर ती गोळा कोण करणार? चहात मिसळलेलं दूध वेगळं करावं तसं ते आहे. भौतिकशास्त्राचा कुठला नियम त्याला सक्त मनाई करत नाही, पण प्रत्यक्षात ते होत नाही.

जर्मनीतल्या हायडेलबर्गचे डीटर त्सेह यांनी हा विचार १९७० साली मांडला. त्या काळी फार कुणी लक्ष दिलं नाही. १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेचे वॉइचेख झुरेक यांनी त्याला भक्कम गणिती रूप दिलं. दोघांचं सांगणं एकच: भौतिकशास्त्रज्ञ अणू, यंत्र, मांजर यांचा विचार जणू ती विश्वात एकटीच आहेत असा करत होते. कुठलीही मोठी वस्तू तशी एकटी कधीच नसते. भिंतींना कान असतात, आणि हवेला, उजेडाला, उष्णतेलाही असतात.

प्रयोगशाळेत डीकोहेरन्स दिसतं का?

हो, आणि हळूहळू होताना दिसतं.

व्हिएन्ना विद्यापीठात अँटोन त्सायलिंगर, मार्कुस आर्न्ट आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये ६० कार्बन अणूंच्या, फुटबॉलच्या आकाराच्या रेणूंचे व्यतिकरण पट्टे मिळवले. पुढे याच शहरातल्या प्रयोगांत रेणूंच्या वाटेत मुद्दाम थोडा वायू सोडला. वायूचा दाब वाढत गेला तसे पट्टे फिके होत गेले. वायूचे रेणू धडकत होते आणि वाटेची खबर बाहेर नेत होते.

२००४ मध्ये त्यांनी ७० कार्बन अणूंचे रेणू लेसरने तापवले. तापलेली वस्तू प्रकाश बाहेर टाकते, तसा हे रेणूही टाकत होते. तापमान वाढलं तसे पट्टे पुसट होत गेले आणि अखेर नाहीसे झाले. का? रेणूने सोडलेल्या फोटॉनमध्ये तो रेणू कुठे होता याची माहिती असते. कमी तापमानाला निघणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी मोठी असते, त्यामुळे ती माहिती फार ढोबळ असते. दोन वाटांतलं बारीक अंतर त्यातून ओळखता येत नाही, म्हणून पट्टे टिकतात. तापमान वाढलं की तरंगलांबी लहान होते, फोटॉनही जास्त निघतात, आणि वाट ओळखता येण्याजोगी होते.

या प्रयोगात ते फोटॉन कुणीही पकडले नाहीत, कुणीही पाहिले नाहीत. रेणूची खबर त्याच्या स्वतःच्या उष्णतेनेच फोडली. 'बघणाऱ्या'ला डोळे लागत नाहीत, हे यापेक्षा स्वच्छपणे दाखवणं कठीण आहे.

फ्रान्समध्ये सर्ज अरोश यांच्या गटाने १९९६ साली आरशांमध्ये कोंडलेल्या मोजक्या मायक्रोवेव्ह फोटॉनची एक छोटीशी 'मांजर अवस्था' तयार केली, म्हणजे क्षेत्राच्या दोन वेगळ्या अवस्थांची सुपरपोझिशन. मग ठरावीक वेळाने एकेक अणू पाठवून मेळ किती उरला ते तपासलं. वेळ जाईल तसा मेळ ओसरत होता, आणि दोन अवस्थांत फरक जितका जास्त तितका तो लवकर ओसरत होता. सिद्धांताने हेच सांगितलं होतं. अरोश यांना २०१२ चं भौतिकशास्त्राचं नोबेल अमेरिकेच्या डेव्हिड वाइनलँड यांच्यासोबत मिळालं.

मग मांजराचं काय?

अरोश यांच्या प्रयोगातला शेवटचा मुद्दा मांजराला लावून बघा. मेलेलं मांजर आणि जिवंत मांजर यांच्यातला फरक दोन-चार फोटॉनचा नाही. श्वास, उष्णता, हालचाल, शरीरातल्या अणूंच्या जागा, सगळंच वेगळं. पेटीतला प्रत्येक हवेचा रेणू मांजरावर आपटून ही बातमी घेऊन निघतो.

झुरेक यांनी एक अंदाज मांडला होता. एक ग्रॅम वजनाची वस्तू, खोलीचं तापमान, आणि 'इथे' व 'तिथे' यांत एक सेंटिमीटर अंतर असलेली सुपरपोझिशन. वस्तू आसपासच्या वातावरणापासून इतकी अलिप्त धरली की तिची गती मंदावायला विश्वाच्या वयाइतका काळ लागावा. तरीही तिच्यातला मेळ विस्कटायला लागणारा वेळ निघतो तो सेकंदाच्या १ वर २३ शून्यांइतक्या भागांपैकी एक भाग. मांजर तर त्याहून कितीतरी जड आणि पेटीतल्या हवेशी सतत धडकणारं. म्हणजे पेटी उघडण्याच्या कितीतरी आधीच, आपल्या डोळ्यांची वाट न पाहता, मांजराच्या बाबतीत 'आणि'चा मागमूस पुसलेला असतो.

श्रोडिंगर विचारत होते ती रेषा त्यामुळे आकाराची रेषा नाही. व्हिएन्नाच्या गटाने २०१९ मध्ये सुमारे २००० अणूंच्या, २५,००० अणुवस्तुमानांकाहून जड रेणूंचंही व्यतिकरण दाखवलं. २०२५ चं भौतिकशास्त्राचं नोबेल जॉन क्लार्क, मिशेल देवोरे आणि जॉन मार्टिनिस यांना मिळालं. १९८० च्या दशकात त्यांनी हातात धरता येईल एवढ्या विद्युत मंडलात क्वांटम वागणूक दाखवली होती. वस्तू लहान की मोठी यापेक्षा तिची बातमी बाहेर किती लवकर फुटते, यावर सगळं ठरतं. मोठ्या वस्तूची बातमी लवकर फुटते, म्हणून आपल्याला रेषा आकाराची वाटते.

माणसाचं मन लागतं की नाही?

जाणिवेचा संबंध जोडणारी मंडळी पूर्वी भौतिकशास्त्रातही होती. नोबेल विजेते यूजीन विग्नर यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला असं मत मांडलं होतं की निरीक्षकाची जाणीव मोजमापात निर्णायक असते. रीलमध्ये त्यांचं नाव आलं तर ते खोटं नसतं. पण पुढचा भाग सांगितला जात नाही. त्सेह यांच्या कामाची दखल सुरुवातीला घेणाऱ्यांत विग्नर होते, आणि नंतर त्यांनी जाणिवेचा हा विचार सोडून दिला.

'मनाने शक्यता निवडा' या दाव्याचीही तीच गत आहे. त्यासाठी मेंदूत विचारांच्या पातळीवर सुपरपोझिशन टिकायला हवी. मेंदू उबदार, ओला आणि सतत हलणाऱ्या आयनांनी भरलेला असतो. मॅक्स टेगमार्क यांनी २००० साली केलेल्या हिशेबानुसार चेतापेशींतल्या अशा अवस्था सेकंदाच्या १ वर १३ शून्यांइतक्या भागात किंवा त्याहूनही लवकर विस्कटतात. विचाराला मात्र सेकंदाचा हजारावा ते दहावा भाग तरी लागतो. या आकड्यांवर वाद झाला आणि मेंदूत क्वांटम परिणामांची भूमिका शोधणारं संशोधन चालूही आहे. पण समजा, ती भूमिका उद्या सिद्ध झाली, तरी हवा तो निकाल इच्छेने निवडता येतो असं त्यातून निघत नाही. क्वांटमचे नियम निकालांच्या शक्यता देतात. त्या शक्यता इच्छेने हलवता येतात असं सांगणारा कुठलाही नियम त्यात नाही.

डीकोहेरन्सने कोडं सुटलं का?

अर्धं सुटलं. उरलेलं अर्धं कुठलं, ते नीट सांगायला हवं, कारण इथे डीकोहेरन्सचे चाहतेही कधीकधी घाई करतात.

डीकोहेरन्सनंतर फोटॉन 'किंवा'च्या पेटीतल्यासारखा 'वागतो'. पण तो खरोखर त्या पेटीतला झाला का? एकूण हिशेबात, फोटॉन आणि त्याच्या सगळ्या खुणा मिळून, 'आणि' अजून शिल्लकच आहे. सिद्धांत सांगतो की मेलेलं मांजर आणि जिवंत मांजर आता एकमेकांत व्यतिकरण करणार नाहीत. पण पेटी उघडल्यावर दिसतं एकच मांजर. तेच का दिसलं, दुसरं का नाही, याचं उत्तर डीकोहेरन्सच्या गणितात नाही. आयर्लंडचे जॉन बेल यांनी १९९० साली नेमक्या याच जागेवर बोट ठेवलं होतं: व्यतिकरण गेलं हे मान्य, पण म्हणून 'आणि'च्या जागी 'किंवा' आला असं कसं म्हणता?

या उरलेल्या प्रश्नाला मोजमापाची समस्या म्हणतात. त्यावर मुख्य मतं अशी आहेत.

कोपनहेगन मत: सिद्धांताचं काम मोजमापांच्या शक्यता सांगणं. मोजमाप झालं की एक निकाल येतो. त्यामागे काय घडतं हा प्रश्न विचारायचा नाही, किंवा त्याला अर्थ नाही.

अनेक विश्वांचं मत: ह्यू एव्हरेट यांनी १९५७ मध्ये मांडलं. दोन्ही निकाल घडतात, पण मेळ तुटल्याने एकमेकांपासून वेगळ्या पडलेल्या शाखांमध्ये. त्या शाखा एकमेकींना दिसत का नाहीत, हे इथे डीकोहेरन्सच सांगतं.

बोम यांचं मत: डेव्हिड बोम यांनी १९५२ मध्ये मांडलं. कणाला प्रत्येक क्षणी ठरलेली जागा असतेच, लहर फक्त त्याला वाट दाखवते.

आपोआप कोसळण्याचं मत: जिरार्दी, रिमिनी आणि वेबर या तिघांनी १९८६ मध्ये मांडलं. मूळ समीकरणातच बदल हवा, मोठ्या वस्तूंची सुपरपोझिशन आपोआप मोडते. हे मत प्रयोगाने खोटं ठरवता येण्याजोगं आहे, आणि व्हिएन्नासारख्या जड रेणूंच्या प्रयोगांना त्यामुळेही महत्त्व आहे.

'नेचर' या नियतकालिकाने २०२५ मध्ये हजाराहून अधिक संशोधकांना याबद्दल विचारलं. सर्वाधिक पसंती कोपनहेगन मताला होती, पण तीही सुमारे ३६ टक्केच. मतभेद खरे आहेत. मात्र प्रयोगात काय दिसेल, पट्टे किती फिके होतील, मेळ किती वेळ टिकेल, याबद्दल रोजच्या हिशेबात या मतांमध्ये वाद नाही. आणि यांपैकी कुठल्याही मताला कोर्स विकत घेतलेल्या माणसाची इच्छाशक्ती लागत नाही.

याचा आपल्याशी काय संबंध?

डीकोहेरन्स हा तत्त्वज्ञानाचा विषय राहिलेला नाही. ती आता अभियंत्यांची रोजची डोकेदुखी आहे.

क्वांटम कॉम्प्युटरचा क्युबिट शून्य आणि एक यांच्या सुपरपोझिशनमध्ये ठेवावा लागतो आणि गणित पूर्ण होईपर्यंत मेळ टिकवावा लागतो. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण इथे अक्षरशः लागू पडते. मधेच खबर फुटली की क्युबिट साध्या, चुका करणाऱ्या बिटासारखा होतो. म्हणूनच सुपरकंडक्टिंग क्युबिट निरपेक्ष शून्याच्या वर अंशाच्या शंभराव्या भागाच्या आसपास, म्हणजे अवकाशाच्या पोकळीपेक्षाही थंड ठेवतात. इतकं करूनही मेळ साधारण सेकंदाच्या लाखाव्या ते हजाराव्या भागाच्या आसपासच टिकतो.

दुसरा उपाय म्हणजे चुका दुरुस्त करणं. एका क्युबिटची माहिती अनेक क्युबिटांत पसरवून ठेवायची, म्हणजे एखाद्याची खबर फुटली तरी मूळ माहिती सुटत नाही. गूगलने डिसेंबर २०२४ मध्ये १०५ क्युबिटांच्या 'विलो' चिपवर दाखवलं की अशा दुरुस्तीत क्युबिट वाढवले की चुका वाढण्याऐवजी कमी होतात. उपयोगी मोठं यंत्र मात्र यानंतरही दूर आहे. उद्या सगळे पासवर्ड फुटणार असं सांगणाऱ्या पोस्ट वाचताना हे लक्षात असावं.

यात भारताचा सार्वजनिक पैसाही गुंतलेला आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने १९ एप्रिल २०२३ रोजी राष्ट्रीय क्वांटम मिशनला मंजुरी दिली. २०३०-३१ पर्यंतचा खर्च आहे ६,००३.६५ कोटी रुपये. त्यातलं सेन्सिंगचं केंद्र पवईच्या आयआयटी मुंबईत आहे. डीकोहेरन्सची उलटी बाजू इथे कामाला येते: जो मेळ बारीकशा धक्क्यानेही हलतो, तोच मेळ बारीकसं चुंबकीय क्षेत्र मोजायला वापरता येतो. ऑगस्ट २०२४ मध्ये पुण्याची डीआरडीओची क्वांटम प्रयोगशाळा आणि मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी सहा क्युबिटांच्या सुपरकंडक्टिंग प्रोसेसरची चाचणी पूर्ण केल्याचं जाहीर झालं. सहा हा आकडा लहान वाटेल. पण प्रत्येक क्युबिटची मूठ झाकलेली ठेवायची, आणि तरी तो हवा तेव्हा हलवता-वाचता आला पाहिजे, हे लक्षात घेतलं की त्यातले कष्ट कळतात.

पुढची क्वांटम रील बघताना

तीन गोष्टी तपासता येतील.

'निरीक्षक' म्हटलं आहे, तिथे हवेचा रेणू किंवा निसटलेला फोटॉन घालून वाक्य पुन्हा वाचा. अर्थ टिकला तर ते बहुधा भौतिकशास्त्र आहे. 'हवेच्या रेणूने इच्छा धरली' असं काही वाचावं लागलं तर नाही.

अणू-इलेक्ट्रॉनच्या प्रयोगावरून थेट माणसाच्या नशिबावर उडी मारली आहे का ते बघा. त्या दोघांच्या मधे डीकोहेरन्स उभं आहे. ते कसं ओलांडलं हे सांगितलेलं नसेल तर दावा तिथेच अडतो.

आणि 'शास्त्रज्ञांनाही हे कळलेलं नाही, म्हणून काहीही शक्य आहे' असं म्हटलं असेल तर न कळलेली गोष्ट नेमकी कुठली ते विचारा. एकच निकाल का दिसतो, हे कळलेलं नाही. मेळ कशाने आणि किती वेळात विस्कटतो, हे मात्र कळलेलं आहे, मोजलेलं आहे, आणि ते कुणाच्या बघण्यावर अवलंबून नाही.